तुझी शपथ आणि साबणाचं पाणी

कुंदा, काल मी तुझी शपथ मोडली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे रागवायचं असेल तर तू सुरुवातीलाच रागावून घेशील आणि बाकीचं जरा शांतपणे ऐकशील. तशी तू कधी कुणाचं शांतपणे ऐकून घेतलंस, असं मला आठवत नाही.

आज रविवार, आपल्या मासळीच्या कारखान्याला सुट्टी. सकाळपासून मी पुन्हा पुन्हा उठून घरच्या शेगडीचा रेग्युलेटर बंद आहे ना, ते बघून येते आहे. शेवटी आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं आणि विचारलं, तो काय पळून जाणार आहे का कुठे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस." दिवसातून एकदा हे मला ऐकवल्याशिवाय तुझा डबा पचत नसे. आता ऐकवणारं कुणी नाही, आणि भीती मात्र वाढतेच आहे. तुझ्या वाटणीची तू कधी घेतलीच नव्हतीस, तीसुद्धा आता माझ्याच गळ्यात पडली असावी.

इतकी वर्षं मी गॅसची राखण केली. माल उचलायच्या गाडीचा, आपल्या फोर्कलिफ्टचा, गॅसचा बाटला बदलायचा म्हटलं की मी हातातलं काम टाकून तुझ्याजवळ येऊन उभी राहायचे. मनातल्या मनात गणपतीला हात जोडायचे, की आज हिला काही होऊ देऊ नकोस. आणि तू गेलीस कशाने, तर भातलावणीच्या चिखलातून अंगात शिरलेल्या तापाने. आठवड्याच्या सुरुवातीला कामावर होतीस, अंग मोडून आलंय म्हणालीस, आणि आठवडा सरायच्या आत सगळं संपलं. डॉक्टर लेप्टो म्हणाले. हा शब्द आपण दर पावसाळ्यात ऐकतो. पण त्याला घाबरावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जगातल्या प्रत्येक गोष्टीला घाबरणारी बाई नेमकी तिथे गाफील राहिली. पहारा दिला तो भलत्याच दारावर. यावरून मला तुझा राग येतो, माझा येतो, त्या चिखलाचा येतो. कुणावर काढायचा ते कळत नाही.

आपण दोघी त्या गाडीवर कशा आलो, ते सांगितलं की नव्या पोरी हसतात. आपण लागलो होतो कोळंबी सोलायला. पहाटेपासून बर्फाच्या पाण्यात हात. मग एका वर्षी शिमगा आला आणि फोर्कलिफ्ट चालवणारे सगळे पुरुष एकजात पालख्या नाचवायला गावाला पळाले. माल फलाटावर तसाच पडून राहिला. साहेबांनी वैतागून सोलणाऱ्या बायकांना विचारलं, तुमच्यापैकी कुणी शिकणार का. तू एक हात वर केलास, आणि दुसऱ्या हाताने माझा हात धरून तोही वर केलास. मी तुला नंतर विचारलं, मला कशाला ओढलंस. तर म्हणालीस, एकटीला कंटाळा येईल.

शिकवायला कोल्हापूरहून एक मास्तर आले होते. आतल्या शीतगृहात बॅटरीची गाडी, बाहेरच्या फलाटावर आणि खोक्यांच्या गोदामात गॅसची. गॅसच्या गाडीच्या पाठीवर बाटला आडवा बांधलेला असतो, आणि तो संपला की उतरवून भरलेला चढवायचा. आपल्याला वाटलं, यात काय शिकायचं. घरी बाटला बदलतोच की आपण. मास्तर म्हणाले, तेच विसरायला शिका. घरचा बाटला उभा असतो, हा आडवा. घरी वर साठलेली वाफ येते, इथे खालचा द्रव येतो, आणि तो बोटांवर उडाला तर कातडी बर्फासारखी गोठते. गाडी उघड्यावर न्यायची, माल उचलायचे पुढचे दाते जमिनीला टेकवायचे, ब्रेक ओढायचा. मग बाटल्याची चावी बंद करून इंजिन तसंच चालू ठेवायचं. नळीत उरलेला गॅस ते पिऊन घेतं आणि आपोआप बंद पडतं. त्यानंतर गाडीची किल्ली बंद करायची, आणि मगच हातमोजे चढवून नळीला हात लावायचा. तू म्हणालीस, म्हणजे जेवण संपल्यावर ताट चाटून पुसून ठेवायचं. मास्तर हसले. त्यांनी आयुष्यभर ते उदाहरण चोरून वापरलं असेल.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, जी तू ऐकून सोडून दिलीस आणि मी घरी घेऊन आले. हा गॅस हवेपेक्षा जड. तो वर उडत नाही, पाण्यासारखा उताराला लागतो. मासळीच्या कारखान्यात उतार म्हणजे गटार. जिकडे तिकडे गटारं, वर जाळ्या, आणि सगळ्यांचं पाणी मागच्या भिंतीखालून बाहेर जातं. भिंतीच्या बाहेर चहाची टपरी, टपरीत दिवसभर पेटलेला स्टो. त्या दिवसापासून त्या टपरीवरचा चहा मला गोड लागलेला नाही. तू मात्र माझा कपसुद्धा पिऊन टाकायचीस.

मग आली नाकाची गोष्ट. नवा बाटला जोडला, चावी हळूच उघडली, की जोड गळत नाही ना ते बघायचं. मास्तर म्हणाले, साबणाचं पाणी मारा, फुगे आले तर गळतंय. वासावर विसंबू नका. इथे मासळीचा वास, क्लोरीनचा वास, त्यात तुमची नाकं मुरलेली. तुला ते झोंबलं. तू दर्यावरची. तुझ्या आईने आणि आजीने टोपली डोक्यावर घेऊन मासळी विकलेली. बांगडा आजचा की कालचा, हे तू हातात न घेता सांगायचीस. बंदरावर बायका तुला बोलावून घ्यायच्या, कुंदे, जरा हुंगून सांग गो. नाकाच्या बाबतीत तुझ्या नाकावर माशी बसत नसे. मास्तरांना तू म्हणालीस, आमच्या घरात नाकावर धंदा चालतो. आणि मला म्हणालीस, तू बावनदीपलीकडच्या आतल्या गावची, तुला सुका जवळा सोडून काय ठाऊक, तू मार साबणाचं पाणी.

म्हणून मी मारत राहिले. भांड्याच्या साबणाचं पाणी, फवाऱ्याच्या बाटलीत भरलेलं. तू आधी वाकून जोडाजवळ नाक न्यायचीस, डोळे मिटायचीस, म्हणायचीस, "चोख." मग मी फुस्स करून पाणी उडवायचे. एकही फुगा यायचा नाही आणि तू माझ्याकडे अशी बघायचीस, की माझं तोंड आपोआप बंद व्हायचं. गोदामातले गडी म्हणायचे, एक हुंगते, एक धुते. मी मनाला लावून घ्यायचे. तू त्यांना सांगायचीस, असू दे रे, तिला समाधान लागतं.

असं वाटेल की मी फक्त तुझ्या तक्रारी मांडते आहे. तसं नाही. पावसात उतरणीवर माझी गाडी घसरायला लागली होती तो दिवस मी कशी विसरेन. दात्यांवर मालाचं ओझं, खाली माणसं, आणि माझा पाय ब्रेकवर थिजलेला. सगळे ओरडत होते, हे कर, ते कर. तू गाडीच्या बाजूला येऊन उभी राहिलीस आणि अगदी घरगुती आवाजात मला बांगड्याच्या तिखल्याची कृती सांगायला लागलीस. तिरफळं किती, ती कधी घालायची, ठेचायची की अख्खी. मला ती कृती ठाऊक होती. तरी मी ऐकत गेले, आणि ऐकता ऐकता माझ्या हाताला कळलं काय करायचं ते. तुझ्यासारखी माणसं शेजारी असली की माझ्यासारख्या भित्र्यांची आयुष्यं निभावतात.

आणि माझी पाठ धरली होती त्या पावसाळ्यात बाटले सगळे तू उचललेस. कुणाला कळू दिलं नाहीस. कळलं असतं तर मला पुन्हा कोळंबीवर बसवलं असतं. तेव्हा मला तुला शपथ घालायची गरजही पडली नाही.

मग ती मोठी साथ येऊन गेली. घरोघरी ताप, तोंडाची चव गेली, वास गेला, महिन्या दोन महिन्यांनी सगळ्यांचा परत आला. तुझाही आला असं मी धरून चालले होते. एके दिवशी दुपारी आपण डबे उघडले. तुझ्या डब्यातल्या आमटीचा असा भपकारा आला, की मी डबा मागे सारला. आदल्या दिवशीची आमटी, उन्हाळ्याचे दिवस, पार आंबलेली. आणि तू त्यात भात कालवून दुसरा घास घेत होतीस. मी म्हटलं, कुंदा, अगं हे खराब झालंय. तुझा हात थांबला. तू डब्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. तुला मी त्याआधी कधी घाबरलेली पाहिली नव्हती.

नळावर हात धुताना सांगितलंस. "मला वास येत नाय गो. ती साथ येऊन गेली ना, तेव्हापासून."

मी विचारलं, काहीच नाही? म्हणालीस, काहीच नाय. मासळी नाही, मोगरा नाही, करपलेलं नाही. आणि गॅस? त्यावर तू नळ मोठा केलास आणि धुतलेले हात पुन्हा धुवायला लागलीस. म्हणजे मधले सगळे महिने तू जोडाजवळ वाकत होतीस, डोळे मिटत होतीस, चोख म्हणत होतीस, आणि तुला काही म्हणजे काही कळत नव्हतं. मी म्हटलं, मी साहेबांना सांगणार. तू माझा ओला हात तसाच धरून ठेवलास. साहेब मला गाडीवरून उतरवतील, म्हणालीस. ते एक वेळ चालेल. पण बंदरावर कळलं तर? दर्यावरच्या बाईचं नाक गेलं म्हणजे राहिलं काय? आणि मग म्हणालीस, "कुणाला बोललीस तर तुला माझ्या आश्विनीची शपथ हाय."

आश्विनीची शपथ. स्वतःची घातली असतीस तर मी दुसऱ्या दिवशी मोडली असती, आणि तू हे ओळखून होतीस. तुझी एकुलती एक पोर, शिकायला चिपळूणला होस्टेलवर राहणारी, तिचं डोकं तू माझ्या हातात दिलंस. आपल्याकडे शपथ घातली की घातली. ज्याने घातली त्याने तोंडाने "सुटली" म्हणेपर्यंत ती सुटत नाही, आणि मोडली तर ज्याची घातली त्याच्यावर जाते. हे खरं मानावं का, असं आमचे हे मला विचारतात. त्यांना मी सांगते, खरं मानत नाही, पण घाबरते. या दोन गोष्टी माझ्या एका डोक्यात सुखाने नांदतात.

त्यानंतर आपलं जे चाललं, ते फक्त आपल्या दोघींना ठाऊक. तू लोकांसाठी हुंगायचीस, मी आपल्यासाठी पाणी मारायचे. मी तुला अट घातली होती, की माझ्या पाळीशिवाय तू एकही बाटला जोडायचा नाहीस, आणि ती तू पाळलीस. एकदा मला ताप होता तर तू दिवसभर गाडी अर्ध्या बाटल्यावर पुरवून पुरवून चालवलीस, पण बदलला नाहीस. हे मी तुझ्या बाजूने मुद्दाम लिहिते. तू बेफिकीर होतीस, पण दिलेला शब्द तू पाळायचीस. फक्त हुंगायचं थांबव, एवढं माझं मागणं तू कधी ऐकलं नाहीस. मी म्हणायचे, नुसतं पाणी मारू, लोकांना काय सांगायचंय. तू म्हणायचीस, हुंगले नाही तर लोक विचारतील का नाही हुंगत. कोल्हापूरला चांगला नाकाचा डॉक्टर आहे म्हटलं, तर म्हणालीस, तुझी भीती काढणारा डॉक्टर मिळाला की दोघी एकाच एस्टीने जाऊ. आणि वर ते नेहमीचं, "तू घाबरून घाबरून शंभर वर्षं जगशील. आणि जगून करशील काय, तर घाबरशील."

या भांडणाचा निकाल लागला नाही, कुंदा. तू अर्ध्यावर उठून गेलीस. हे तुझं वागणं मला पटलेलं नाही.

आणि आश्विनीचं काय करायचं, तेही अर्धवटच ठेवून गेलीस. यंदा शिक्षण संपवून ती घरी आली, आणि पावसाळ्यात मासेमारी बंद होती तेव्हा तिने फोर्कलिफ्टचा कोर्स केला, तुझ्याच आग्रहाने. तू एका दुपारी तिला कारखान्यात आणलंस आणि गाडी दाखवलीस. मी बघत होते. पोर जोडाजवळ वाकली, डोळे मिटले, म्हणाली, चोख. अगदी तुझ्या आवाजात. तुला केवढं कौतुक वाटलं. आमच्या घराचं नाक आलंय तिला, असं तू गोदामभर सांगत सुटलीस. मी तुला बाजूला घेऊन म्हटलं, तिला तरी सांग. ती तुझी नक्कल करते आहे, आणि तू कसली नक्कल करते आहेस ते तिला ठाऊक नाही. "सांगीन गो," म्हणालीस. "गणपती होऊन जाऊ देत, मग सांगीन." हे आपलं शेवटचं नीट झालेलं बोलणं. मग तुला ताप आला, आणि मी बघायला आले तेव्हा तू इस्पितळात होतीस आणि तुला माणसं ओळखू येत नव्हती. मी तुझ्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, सुटली म्हण. एकदा म्हण. शेजारच्या खाटेवरची बाई माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होती.

गणपती झाले. तुमच्याकडे यंदा आणले नाहीत. त्यानंतर आश्विनी तुझ्या जागेवर रुजू झाली. घरी बसून भिंती किती बघणार, म्हणाली. भाऊजी, तिचे वडील, बोटीवर गेलेले, घरात ती एकटी. तिला मावशी म्हणून माझ्याच हाताखाली दिली. पहिल्या दिवसापासून माझी झोप गेली आहे. गाडी ती छान चालवते, तुझ्यापेक्षा हळू आणि माझ्यापेक्षा धीट. पण बाटला बदलायचा म्हटलं, की ती तुझ्यासारखी वाकते. मी तिला म्हटलं, साबणाचं पाणी मारत जा. ती हसून म्हणाली, मावशी, तू आहेस ना त्याला. एक हुंगते, एक धुते, हे तिला घरी तूच सांगितलं होतंस. मी म्हटलं, मी नसले तर? तर म्हणाली, मग आईचं नाक आहे.

आता तूच सांग, काय करायचं होतं मी? बोलले तर तिची शपथ मोडते. न बोलले तर ती तुझं नाक घेऊन वाकत राहते. रोज कामावर जाताना ठरवायचे, आज सांगायचं. रोज तिच्या गळ्यातलं तुझ्या मंगळसूत्राच्या वाट्यांचं केलेलं पदक दिसायचं आणि मी साबणाचं पाणी भरायला निघून जायचे.

कालचं सांगते. बंदरात बोटी भरून आल्या होत्या, फलाटाला कंटेनर लागलेला, आणि गॅस नेमका तेव्हाच संपला. सकाळपासून पाऊस धरून होता. पाळीचे मोरे साहेब म्हणाले, आतच बदला की शेडमध्ये, कोण भिजणार. शेडमध्ये गटाराची जाळी दोन हातांवर. आश्विनीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, उघडीप मिळेपर्यंत थांबायचं. मोरे म्हणाले, कुंदा असती तर एव्हाना अर्धा कंटेनर भरला असता. ते खोटं होतं. तूसुद्धा कधी आत बाटला बदलला नाहीस. पण मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं. मी गाडीपाशी उभी राहिले. हात पदरात गुंडाळून घेतले होते.

पाऊस थांबला. गाडी मोकळ्यावर घेतली, भिंतीपासून आणि गटारापासून लांब. आश्विनीने सगळं बरोबर केलं. दाते टेकवले, चावी बंद केली, इंजिन स्वतःहून धापा टाकून बंद पडेपर्यंत वाट बघितली, मोजे घातले. दोघींनी रिकामा उतरवला, भरलेला चढवला. गाडीवरची खुंटी बाटल्याच्या कड्यातल्या भोकात नीट बसवली, पट्टा आवळला, नळी जोडली. तिने चावी हळूच उघडली. मग वाकली, डोळे मिटले. मोरे लांबून ओरडत होते, झालं का.

"चोख," ती म्हणाली, आणि गाडीवर चढायला वळली.

मी पाणी मारलं. आणि कुंदा, फुगे आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. बारीक बारीक, जोडाच्या कडेने, कढायला लागलेल्या दुधासारखे. मला वाटत होतं असं कधी झालं तर मी किंचाळेन. किंचाळले नाही. मी चावी बंद केली, आश्विनीचा दंड धरून तिला मागे ओढली आणि मोरेंना हात करून सांगितलं, की कुणीही कुठली गाडी चालू करायची नाही, विडीकाडी नाही, टपरीवाल्याला स्टो विझवायला सांगा. सगळं जिथल्या तिथे थांबलं. मेकॅनिक आला, त्याने नळीचं तोंड उलटं करून दाखवलं. आतलं रबराचं कडं चिरलं होतं. त्याने ते बदललं, पुन्हा जोडलं, मी पुन्हा पाणी मारलं. एकही फुगा नाही. तेव्हा कुठे मी तिथेच रिकाम्या क्रेटवर बसले.

आश्विनी माझ्यासमोर उभी होती. तोंड पांढरंफटक. ती म्हणाली, "मला वासच नाही आला, मावशी. आईला आला असता."

मी गप्प राहू शकले असते. ती वाक्य बोलून मोकळी झाली होती, तिला उत्तर नको होतं. आणि मी तिच्या डोक्याकडे बघत होते, ज्या डोक्याची शपथ तू मला घातली होतीस.

"नसता आला," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. आंबलेली आमटी, नळ, साथ, शपथ. शपथ तिच्याच डोक्याची आहे, हेही सांगितलं, कारण अर्धवट सांगून काय उपयोग. मला वाटलं ती रडेल, नाही तर चिडेल. आई खोटं वागत होती असं मी तिला, आई जाऊन पुरते दोन महिने झाले नाहीत तोवर, सांगत होते. ती चिडली असती तर मी ऐकून घेतलं असतं. पण तिने वाकून जोडावर राहिलेले साबणाचे थेंब मोज्याने पुसले. मग म्हणाली, मी होस्टेलवरून घरी आले, की आई आधी माझं डोकं छातीशी धरायची. केसांत नाक घालायची आणि म्हणायची, शिकेकाई लावलीस वाटतं. मी शिकेकाई कधीच सोडली होती. मी हसायचे. मला वाटायचं, आई लाडाने लहानपणीचं बोलते. आता कळतं, ती आठवून सांगायची.

मोरे कंटेनरसाठी हाका मारत होते. आश्विनीने हातमोजे काढले आणि खाली वाकून आपलं डोकं माझ्यापुढे केलं.

"तू सांग मावशी, कसला येतो?"

मी तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं. शपथ मोडल्यावर आधी तिलाच हात लावते आहे, याची भीती वाटली, पण धरलं. तू "सुटली" म्हणायला नाहीस. ती गाडीवर चढली की इथून पुढे मी रोज घाबरणार, उतरली की देवाला हात जोडणार. त्याला इलाज नाही. तुला हवं ते म्हण. पण एक गोष्ट तुझ्याकडे पोचवायची राहिली आहे, म्हणून हे सगळं लिहिलं. वरवर मासळीचा वास येतो, तो आपल्या सगळ्यांनाच येतो. त्याच्या खाली खोबरेल आहे, माका घालून कढवलेलं, आणि अगदी मुळाशी थोडा घाम, उन्हात वाळलेल्या भातासारखा. तुझ्या आश्विनीच्या केसांना असा वास येतो, कुंदा.